पस्तिसावं मरण

माझ्या आयुष्यात मी एकच सिनेनट जवळून पाहिला, आणि तोही अशा देशात जिथे तेव्हा औषधालासुद्धा सिनेमागृह नव्हतं. मिस्टर उवे जर्मन होता. साठीच्या पुढचा, दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच, आणि डोक्यावर केस म्हणाल तर कानांपुरते. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कंपनी कॉलनीत तो राहायचा आणि रिफायनरीतल्या कामगारांना आगीपासून, गॅसपासून कसं वाचायचं ते शिकवायचा. पण ते पोटासाठी. मूळचा तो नट. त्यानं एकूण एकोणचाळीस सिनेमे केले आणि त्यांतल्या चौतीस सिनेमांत तो मेला. उरलेल्या पाचांत, तो म्हणायचा, दिग्दर्शकाला वेळ मिळाला नाही. त्याला आमच्या घरात सगळे एकेरीच म्हणायचे, कारण गोऱ्या माणसाला अहोजाहो करायची आमच्याकडे पद्धत नव्हती. अम्मीला तर त्याचं नाव घेतलं की डोकं खाजवायला लागायचं. "ह्या काय नाव माणसाचा," ती म्हणायची, "हाक मारली की फणी शोधावीशी वाटते."

आमचं गाव रत्नागिरीच्या एका खाडीकाठचं, पण माझी सगळी शाळा जुबैलमध्येच झाली. अब्बा रिफायनरीत सेफ्टी फोरमन होते. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात एसी असा की बंद केला तरच लक्षात यावं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. दोन मशिदींच्या अजाना अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं यायच्या. बुधवारी दुपारी प्लांटचा भोंगा तपासायला वाजवत, आणि त्याच वेळी नेमका अम्मीचा भात व्हायचा. भोंगा झाला नाही तर भात कच्चा राहील अशी तिची जवळजवळ श्रद्धा होती. दर सुट्टीनंतर गावाहून कोकम, तिरफळं आणि सुका जवळा यायचा. जवळ्याची पिशवी अम्मी बॅगेत सगळ्यांत वर ठेवायची. विमानतळावरचा अधिकारी बॅग उघडायचा, नाकाला रुमाल लावायचा आणि "यल्ला, यल्ला" म्हणत आम्हाला पुढे ढकलायचा. त्या जवळ्याच्या खाली अम्मी काय काय आणायची ते मी आजही सांगणार नाही.

मिस्टर उवे शुक्रवारी जेवायला यायचा. बायको नाही, मुलं नाहीत, आणि कंपनीच्या मेसमधलं जेवण खाऊन माणूस खरोखरच मरतो असं त्याचं म्हणणं होतं. अम्मी त्याच्यासाठी म्हणून तिखट कमी करायची नाही. तो शेरी माशाचं तिरफळ घातलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा वाढ म्हणायचा. जेवण, चहा, गप्पा होईतो असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ व्हायची. अब्बा मशिदीत जायचे. पाहुण्याला उठवणं बरं दिसत नाही, म्हणून मिस्टर उवे बैठकीतच बसून राहायचा. ती वीस मिनिटं माझं सिनेमाचं शिक्षण चालायचं. मी बैठकीच्या उंबऱ्यावर, तो आत गादीवर, आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून अम्मी तिथून आमच्यावर नजर ठेवून. तिला इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे ती आवाजावर लक्ष ठेवायची. मी जास्त हसले की आतून भांडं आपटायचं.

त्याच्याकडे एक जाडजूड अल्बम होता. माणसं लग्नाचे फोटो चिकटवतात तसे त्यानं आपले मृत्यू चिकटवले होते. बाप खाटीक. मुलगा दुकानात बसेना, घोड्यांच्या नादी लागला. त्या काळी जर्मन लोक अमेरिकेतल्या काउबॉयचे सिनेमे काढायचे, आणि अमेरिका परवडत नाही म्हणून ते युगोस्लाव्हियाच्या डोंगरात काढायचे. तिथे घोड्यावरून पडणारी माणसं लागत. उवे इतका छान पडायचा की एकाच लढाईत त्याला तीनदा मारलं, डोक्यावरची पिसं बदलून, आणि तो ते एकच मरण धरायचा. पुढे खुनाच्या सिनेमांची लाट आली. त्यांत तो सिनेमाचं नाव पडद्यावर येण्याआधीच गालिच्यावर आडवा असायचा. "चहा घेऊन आत आलेली मोलकरीण किंचाळते ना," तो मला म्हणाला, "ती ज्याला बघून किंचाळते, तो मी." एका सिनेमात त्याला संवादही होता. "दार उघडं आहे." तेवढं बोलला आणि त्या उघड्या दारातून गोळी आली. मग तोंड ओळखीचं झालं. प्रेक्षक त्याला पाहिला की हसायला लागले, की हा आला म्हणजे आता हा जाणार. हसू येईल असं मरण कोण विकत घेईल? कामं थांबली. अंगाला आग लावून घेऊन धावायचं काम तो शिकला होता, त्या जोरावर आगीच्या प्रशिक्षणात शिरला, आणि फिरत फिरत आमच्या कालवणापाशी येऊन पोचला. येताना स्वतःच्या सिनेमांच्या सहा कॅसेटी आणल्या होत्या. विमानतळावर त्या तपासायला ठेवून घेतल्या आणि तीन आठवड्यांनी एकच परत मिळाली. आम्ही ती घरी पाहिली. मिस्टर उवे चौथ्या मिनिटाला मेला आणि अम्मीनं टीव्ही बंद केला. "झाला ना त्याचा," ती म्हणाली, "आता काय बघायचा?"

कॉलनीत वर्षातून एकदा गॅसगळतीची ड्रिल व्हायची. भोंगा वाजला की सगळ्या घरांतल्या बायकापोरांनी फुटबॉलच्या मैदानावर जमायचं, आणि सेफ्टीवाल्यांनी गॅस लागलेल्या माणसाला उचलून आणायचं. तो माणूस दरवर्षी मिस्टर उवेच असायचा. त्याच्या छातीवर एक कार्ड बांधत. 'बेशुद्ध. श्वास चालू.' ते वाचायचं आणि त्याप्रमाणे पुढचं करायचं. या मरणांची गणती तो करत नसे. "तिथे कार्ड मरतं," तो म्हणायचा, "मी नाही."

मी अकरावीत होते तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी कॉलनीत सौदायझेशन चालू होतं. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या जागी सौदी माणूस बसवायचा. हा शब्द आमच्या बायका लग्न किंवा मूळव्याध असल्यासारखा वापरत. "साळवी भावजींचा झाला गेल्या महिन्यात." "आता कोणाचा होतोय?" ज्याचं व्हायचं त्याला आधी आपल्या जागेवर येणाऱ्याला शिकवून तयार करावं लागे. आपल्या हातानं आपली कबर खणायची, आणि वर खोली बरोबर आहे ना ते साहेबाला दाखवायचं. अब्बांकडे शिकायला आला तो फहद. तेवीस-चोवीस वर्षांचा, काटकुळा, इतका लाजाळू की आमच्या दाराची बेल वाजवायच्या आधी दोन पावलं मागे सरायचा. त्याचा द्वेष करायचं मी मनापासून ठरवलं होतं, पण तो दर वेळी खजुरांचा डबा घेऊन यायचा आणि ते खजूर फार चांगले असायचे.

अब्बा त्याला बैठकीत बसवून शिकवत. आतून आम्हाला सगळं पाठ झालं होतं. "हवा, मास्क, माणूस," अब्बा म्हणायचे. आधी बघायचं वारा कुठून आहे. मग मास्क चढवायचा. मग माणसाकडे जायचं. या गॅसचा पहिल्या श्वासाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि तिसरा श्वास बहुतेकांना घ्यायला मिळत नाही. मित्र पडलेला दिसला की लोक तसेच धावतात आणि त्याच्या अंगावर पडून मरतात. फहदला सगळं यायचं. कागदावर तो अब्बांपेक्षाही हुशार होता. फक्त चार माणसं बघायला लागली की त्याचं डोकं रिकामं व्हायचं, आणि मग तो शाळेतल्या मुलासारखा अब्बांच्या तोंडाकडे बघायचा.

त्या वर्षीची ड्रिल फहदनं चालवायची होती. हेड ऑफिसचा एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, साहेब येऊन त्याला तपासणार होता. तो पास झाला तर अब्बांचं खलास, दोन महिन्यांत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं गावी. नापास झाला तर आणखी एक वर्ष शिकवणी. अब्बांना पिवळ्या पट्टीच्या मागे गप्प उभं राहायची सक्त ताकीद होती. मला ते एक वर्ष हवं होतं, कारण मला बारावी तिथेच करायची होती. डॉक्टर व्हायचं मी सातवीतच ठरवलं होतं आणि आमच्या शाळेतून दरवर्षी दोघं-तिघं मेडिकलला जात. अर्ध्यातून गावी गेले तर काय होणार तेही मला ठाऊक होतं. गावी माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा रिझवान होता. त्याच्याकडे दोन मच्छीमार होड्या होत्या आणि एकही मत नव्हतं. जे होतं ते त्याच्या वडिलांचं. अम्मीची आणि खालाची फोनवरची बोलणी एवढ्यात फार लांबत होती.

म्हणून एका शुक्रवारी, अब्बा असरला गेल्यावर, मी मिस्टर उवेला विचारलं, "या वेळी तू कार्ड न लावता मरशील का? अगदी खरं? फहद घाबरून जाईल असं?"

"का?"

मी सगळं सांगितलं. बारावी, मेडिकल, रिझवान, होड्या. त्यानं अल्बम मिटला.

"मला आयुष्यात कुठल्याही दिग्दर्शकानं तीन सेकंदांच्या वर दिले नाहीत," तो म्हणाला. "तू किती देशील?"

"हवे तेवढे घे."

त्यानं अल्बमचं शेवटचं कोरं पान उघडून पाहिलं. मला वाटलं, खूश झाला. मग म्हणाला, "मी विचार करतो." आतून भांडं आपटलं.

ड्रिल पुढच्या गुरुवारी सकाळी झाली. भोंगा वाजला आणि काळ्या अबाया घातलेल्या बायकांची झुंबड मैदानावर आली. ड्रिल आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे अम्मीनं चहाचा थर्मास आणि खारी बिस्किटं घेतली होती, आणि ती एकटी नव्हती. गॅसगळतीला इतक्या निवांतपणे तोंड देणारी वस्ती जगात दुसरी नसेल. मैदानाच्या पलीकडे पंपघर, मध्ये पिवळी पट्टी, पट्टीशी अब्बा हात मागे बांधून उभे. फहद हातात कर्णा घेऊन मध्ये, पाठीशी त्याची माणसं आणि मास्कच्या पेट्या. मिसरी साहेब छत्रीखाली, हातात कागद.

मिस्टर उवे पंपघरामागून बाहेर आला, आणि छातीवर कार्ड नव्हतं. आधी तो साधा चालत होता. मग एकदा खोकला. थांबला, वास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर शंका आली. बस, तेवढीच, पण ती इतकी खरी होती की माझ्या शेजारच्या बाईनं बिस्कीट बशीत ठेवलं. तो परत फिरायला गेला आणि पाय वळेनात. तारेचं कुंपण धरलं, एक एक बोट सुटत गेलं. गुडघ्यावर आला. कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. मग पडला. पडल्यावर संपलं असं वाटलं, तर एक हात वाळूत काहीतरी शोधत राहिला, चष्मा असावा तसा. मग तोही थांबला. दोन मिनिटं तरी गेली असतील. आमच्या कॉलनीतले हाजी काका मयताचं "इन्ना लिल्लाहि" म्हणून मोकळे झाले. दवाखान्यातली मल्याळी नर्स उठून उभी राहिली. "ये एक्टिंग नहीं है," ती म्हणाली, "हार्ट है." मी त्याला सांगणारी, मलाच घाम फुटला होता. अम्मी मात्र शांत होती. "एवढा म्हातारा झाला," ती म्हणाली, "तरी मरायचा सोडत नाय."

फहदच्या हातून कर्णा पडला. त्यानं वारा बघितला नाही. मास्कच्या पेटीकडे बघितलं नाही. डोक्यावरचा गुत्रा मागे उडवत तो थेट मिस्टर उवेकडे धावत सुटला. मिसरी साहेबानं पेनचं टोपण काढलं. मला झालेला आनंद मी लपवत नाही. मनात मी बारावीची पुस्तकंसुद्धा विकत घेऊन टाकली.

धावता धावता फहदनं सवयीनं अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी मागे बांधलेले हात सोडले आणि पुढे घेऊन दुआ मागायला धरतात तसे वर धरले. मरणाऱ्यासाठी दुआ मागायला कोण हरकत घेणार? मिसरी साहेबानंही घेतली नाही. मग दुआ संपल्यावर आपण तोंडावरून हात फिरवतो तसे त्यांनी ते तोंडावर नेले. पण फिरवले नाहीत. दोन्ही तळवे नाकातोंडावर घट्ट दाबून ते फहदकडे बघत उभे राहिले.

फहद जागच्या जागी थांबला. वळला. पट्टीला बांधलेली फडकी कुठे उडतात ते पाहिलं, पेटीकडे परत धावला, मास्क चढवला, आणि वाऱ्याच्या बाजूनं वळसा घालून आत गेला. मग त्याला कुणाकडेही बघावं लागलं नाही. मिस्टर उवेला काखेत धरून त्यानं ओढत बाहेर काढलं. तो म्हातारा मेलेलाच राहिला, जरासुद्धा मदत केली नाही, टाचांनी वाळूत दोन लांब रेघा पडल्या. मिसरी साहेबानं घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि कागदावर सही केली.

"मारली कुऱ्हाड पायावर," अम्मी म्हणाली. तिनं सगळं पाहिलं होतं. थर्मासचं झाकण तिनं इतकं घट्ट लावलं की संध्याकाळी ते उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं.

दुपारी अब्बा घरी आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. "पोर पास झाला," म्हणाले. अम्मीनं भाकरी ताटात वाढली नाही, टाकली.

"तुमी पास केलाव," ती म्हणाली. "आता जा आणि त्याच्या घरी जेवा."

माझ्यानं राहवलं नाही. मी रडत रडत सांगून टाकलं, की मिस्टर उवेला मीच सांगितलं होतं, आणि सगळं जमलं होतं, आणि अब्बांनी ते घालवलं. अम्मी तव्यावरची भाकरी विसरून माझ्याकडे बघत राहिली.

"मला म्हायती हाय," अब्बा म्हणाले. "बुधवारी येऊन सांगितलान त्यानं. नट हाय, पण खोटा बोलाय येत नाय त्याला."

"मग तुम्ही त्याला थांबवलं का नाही?"

"कशाला थांबवू? मीच सांगितला, मर चांगला. पोराला एकदा बघू दे माणूस कसा पडतो. कार्ड वाचून कोण शिकतो?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "खरा गॅस सुटल तेव्हा पण तो असाच धावत गेला असता, नसीम. त्याच्यामागून आणखी दोघं. मी गावी आंब्याखाली बसून ऐकला असता. तुझी बारावी झाली असती, आणि ती तीन मयतं माझी."

"दुआ मागताना फसवलंत तुम्ही," मी म्हणाले.

"फसवला नाय. मागितली पण."

दोन महिन्यांनी आम्ही निघालो. मिस्टर उवे निरोपाला आला तेव्हा अल्बमच्या शेवटच्या पानावर त्यानं पस्तीस हा आकडा घातला होता, फोटोची जागा मोकळी. त्या दोन मिनिटांसाठी तो माझा ऋणी आहे असं म्हणाला. मी त्याच्याशी बोलले नाही. सोळाव्या वर्षी माणूस फार कडक न्यायाधीश असतो. पुढे कुणाकडून तरी कळलं की तो परत जर्मनीला गेला आणि तिथे वारला. कसा, ते मी विचारलं नाही. घाईत आटोपलं नसेल अशी आशा आहे.

बारावी मी रत्नागिरीत केली, दुसऱ्या बोर्डातून येऊन, अनोळखी पुस्तकांवर. मेडिकल अकरा मार्कांनी हुकलं. रिझवाननं मला बघितलं आणि मुलगी फार बोलते म्हणून नकार दिला. ते त्याचं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं मत असावं, त्याबद्दल मला त्याचा आदर आहे. मी बी.एस्सी. केलं, शाळेत शास्त्र शिकवलं, निवृत्त झाले. आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही, पण दवाखान्यात कुणा तरुण डॉक्टरीणबाईच्या गळ्यात स्टेथोस्कोप पाहिला की मला अजून अकरा हा आकडा आठवतो.

बरीच वर्षं माझा राग एवढाच होता, की अब्बांनी आधी मला विचारलं का नाही. बुधवार ते गुरुवार अख्खी एक रात्र होती, आणि पणाला लागलेलं आयुष्य माझंही होतं. ते गेल्यावर एकदा अम्मीपाशी मी हे बोलले. ती माझ्याच मुलीची वेणी घालत होती, हात थांबला नाही. "विचारणार होते," ती म्हणाली. "तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरले. मी म्हटला, काय झाला? मला तेव्हा कळला नाय, पण म्हणाले, ती सांगेल, जाऊ दे फहदला तसाच धावत. मग मला तिच्याकडे बघता येणार नाय."

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी तेच सांगितलं असतं.